छत्तीस जागांचा ट्रे

आमच्या प्रयोगशाळेत तिला समोर सगळे ताई म्हणायचे आणि पाठीमागे सोळाबाई. हे नाव मीच ठेवलं, आधीच कबूल करून टाकतो. दिवसातून दहा वेळा ती कुणाला ना कुणाला सुनवायची, "सोळा आठवडे! सोळाच्या आत! नंतर त्या रिपोर्टची होडी करा आणि द्या सोडून पाण्यात." चहा गार आला तरी बोलणं सोळा आठवड्यांवर जायचं, पंखा बंद पडला तरी तिथेच. मी बावीस वर्षं तिच्या शेजारच्या टेबलावर काढली, त्यातल्या गेल्या काही वर्षांत हे पुराण मी किती वेळा ऐकलं असेल ते बघा.

बुटकी बाई. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, आणि भर उन्हाळ्यात अंगात स्वेटर, कारण आमची खोली मशिनींसाठी थंड ठेवतात, माणसांचं काय व्हायचं ते होवो. हॉस्पिटलात तिची ख्याती होती ती शीर शोधण्याबद्दल. कुणाची शीर सापडत नसली की वॉर्डातून तिला बोलावणं यायचं. ती पेशंटचा हात मांडीवर घ्यायची, डोळे मिटायची आणि एक बोट कोपरावर फिरवत बसायची. एका म्हाताऱ्याने तिला विचारलं होतं, "बाई, झोपलात का?" तिने डोळे न उघडता उत्तर दिलं, "तुम्ही गप्प बसलात तर झोपेनसुद्धा." आणि पहिल्याच टोचण्यात रक्त.

सात-आठ वर्षांपूर्वी आमच्याकडे एक मशीन आलं. गरोदर बाईचं रक्त बाराव्या-तेराव्या आठवड्यात घ्यायचं आणि त्यातलं एक प्रथिन मोजायचं. हे प्रथिन वारेकडून, म्हणजे प्लासेंटाकडून येतं. वार नीट रुजत नसेल तर ते कमी पडतं. बाई तेव्हा ठणठणीत असते, चार जिने चढते, तिला काही म्हणजे काही जाणवत नाही. पुढे सातव्या-आठव्या महिन्यात रक्तदाब चढतो, अंग सुजतं, कधी झटके येतात, पोटातलं मूल वाढायचं थांबतं. रक्तात हे तीन-चार महिने आधी दिसू शकतं, आणि दिसलं तर रोज रात्री एक बारीकशी गोळी सुरू करतात. पुष्कळ जणींचं संकट त्याने टळतं, निदान पुढे तरी जातं. मात्र गोळी सोळाव्या आठवड्याच्या आत सुरू व्हायला हवी. नंतर गोळी तीच असते, पण तिचा तेवढा उपयोग होत नाही.

मशीन आलं तेव्हा तिला तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं होतं. आमच्यातले बाकीचे अशा प्रशिक्षणाला गेले की तिथलं जेवण कसं होतं ते सांगतात. ही बाई वही भरून घेऊन आली. तिथे जे सांगितलं त्यावर तिने विश्वास ठेवला, आणि माझ्या मते तिची सगळी डोकेदुखी तिथूनच सुरू झाली.

कारण इथे होता छत्तीसचा नियम. त्या मशीनच्या ट्रेला चाळीस जागा. चार जागा मशीन बरोबर मोजतंय की नाही हे तपासायच्या द्रावणांना जायच्या, उरल्या छत्तीस. रसायनांची पेटी एकदा फोडली की तीन दिवसांत संपवावी लागते. म्हणून आमच्या साहेबांनी, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टरांनी, पुठ्ठ्यावर लिहून फ्रीझरवर चिकटवलं होतं : छत्तीस नमुने झाल्याशिवाय पेटी उघडू नये. ऐकायला काय शहाणपणाचं वाटतं! पण आमच्याकडे आठवड्याला चार-पाच नमुने यायचे. छत्तीस व्हायला आठ आठवडे. बाराव्या आठवड्यात घेतलेलं रक्त फ्रीझरमध्ये बसून राहायचं आणि रिपोर्ट यायचा विसाव्याला. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. गंमत म्हणजे रिपोर्टवर छापलेलं असायचं, 'लवकर निदान चाचणी'.

ताईने अर्ज केले. एक नाही, अकरा. साहेब माणूस वाईट नाही. आवाज चढवायचे नाहीत, चहा विचारायचे, अर्ज वाचून 'पाहू' म्हणायचे. त्या 'पाहू'चा तिला इतका राग होता की घरी कुणी 'पाहू' म्हटलं तरी तिचं डोकं फिरायचं. एकदा ती साहेबांना म्हणाली, "सर, तुम्ही पाहू म्हणता ते नक्की कुठून पाहता? मला ती खिडकी दाखवा." साहेब हसले. ते हसले की विषय संपला असं समजायचं.

मग तिने तो कागद सुरू केला. फ्रीझरच्या दारावर, पुठ्ठ्याच्या बरोबर खाली. प्रत्येक नमुन्याचा नंबर आणि समोर त्या बाईचे सोळा आठवडे पूर्ण होतात ती तारीख. तारीख उलटली की ती त्या ओळीवर तांबडी रेघ मारायची. पट्टी लावून, सरळ. दुधाच्या पिशवीवर तारीख असते तशी बायकांवर लिहिलीय, असं कुणीतरी म्हणालं आणि आम्ही सगळे हसलो. मीसुद्धा. ट्रे भरेपर्यंत निम्म्या ओळी तांबड्या झालेल्या असायच्या. साहेब दोनदा त्या कागदासमोर उभे राहिले. दुसऱ्यांदा म्हणाले, "अक्षर छान आहे."

तर त्या वर्षी एकोणिसावा नमुना आला तो तिच्या भाचीचा.

ही सख्ख्या बहिणीची मुलगी. शिकायला म्हणून मावशीकडे आली ती लग्न होईपर्यंत तिथेच राहिली, आणि आता आमच्याच हॉस्पिटलात खालच्या नोंदणीच्या खिडकीवर बसायची. बडबडी पोरगी. दुपारी डबा घेऊन वर यायची, मावशीच्या डब्यातलं खायची आणि स्वतःचा तसाच परत न्यायची. पहिलं बाळंतपण. ताईने स्वतः तिचं रक्त घेतलं, नळी गरगर फिरवून पाणी वेगळं केलं, चिठ्ठी चिकटवली, फ्रीझरमध्ये ठेवलं. बारा आठवडे चार दिवस. मग कागदावर तारीख लिहिली. लिहून झाल्यावर पेन हातात धरून तशीच उभी राहिली.

"काय झालं?" मी विचारलं.

"एकोणीसच झालेत अजून."

"होतील की."

"कधी होतील? चोवीस दिवस आहेत. आठवड्याला पाच धरले तरी छत्तीस होत नाहीत. गणित येतं का तुला?"

येत होतं. म्हणून मी समोरच्या नोंदवहीत डोकं घातलं.

पुढचे दोन आठवडे ती नुसती वाट बघत राहिली. रोज सकाळी आल्या आल्या फ्रीझर उघडायची, मोजायची, दार आपटायची. आकडा चोवीसला आला आणि तिथेच रुतला. तेव्हा बाई उठली आणि खाली बाह्यरुग्ण विभागात जाऊन बाकांच्या रांगेत उभी राहिली. समोर येईल त्या गरोदर बाईला विचारायची, "कितवा आठवडा? रक्त दिलंत? ते नाही, हे वेगळं. चला माझ्याबरोबर, पाच मिनिटांचं काम." दरवानाने तिला हटकलं, "ताई, हा बाजार नाही." ती म्हणाली, "बाजार असता तर बरं झालं असतं, गिऱ्हाईक तरी वेळेवर मिळालं असतं." एका बाईने तिला एजंट समजून झिडकारलं. एकीच्या सासूने तर भांडणच काढलं, की एवढं रक्त काढून तुम्ही करता काय? वर येऊन ताई माझ्यावर उखडली. "ती बरोबर विचारते! काय करतो आपण? बर्फात घालतो!"

आठवड्यात सात जणी मिळाल्या. एकतीस झाले. पाच कमी, हातात तीन दिवस, आणि साहेब परगावी परिषदेला गेलेले. विषय होता, गरोदरपणातील धोक्यांचं लवकर निदान. हे मी मनचं सांगत नाही, सूचनाफलकावर लावलं होतं, फोटोसकट.

तिने त्यांना फोन लावला. फोन स्पीकरवर होता, म्हणून मी ऐकला.

"सर, एकतीस आहेत. लावू का?"

"छत्तीस म्हणजे छत्तीस. आज तुम्हाला सूट दिली की उद्या कुणी वीसवर लावेल."

"सर, माझी भाची आहे त्यात."

"मग तर मुळीच नको. लोक काय म्हणतील?"

"सर, लोक काहीही म्हणणार नाहीत, लोकांना माहीतच नाही!"

"मी सोमवारी आलो की पाहू."

तिने फोन ठेवला. स्वेटरची बाही वर ओढली, खाली सोडली, परत वर ओढली. मग माझ्यासमोर हात पुढे केला. "किल्ली दे."

फ्रीझरला कुलूप नसतं, पण रसायनांचं कपाट कुलपात, आणि किल्ली माझ्याकडे. बावीस वर्षांत तिने ती कधी मागितली नव्हती. मी नियमाचा माणूस आहे, म्हणजे घाबरट आहे. सही माझी लागणार होती, विचारणा मला होणार होती. तरी मी खिशात हात घातला आणि किल्ली दिली. पोरगी रोज समोर येऊन बसायची, तिला कसं नाही म्हणणार?

गुरुवार होता. दहा वाजता पेटी फोडली, दीड वाजता आकडे आले. एकोणीस नंबर उत्तम. इतका उत्तम की त्याहून चांगला मागूनही मिळाला नसता. मीच खिडकीवर फोन केला. भाची वर आली, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मावशी, एवढ्यासाठी अख्ख्या हॉस्पिटलचा जीव खाल्लास?" आणि मावशीच्या गळ्यात पडली. मी चहा सांगितला. मला खरंच हलकं वाटत होतं.

चहा आला तरी ताई कागदांवरून मान वर करेना. आकडे वाईट आलेल्या चौघी होत्या. बावीस आणि सत्तावीस नंबरच्या अजून सोळा आठवड्यांच्या आत होत्या. त्यांना तिने त्याच दुपारी फोन करून बोलावलं. राहिल्या अकरा आणि पाच.

"अकराची तारीख?" तिने विचारलं.

मी फ्रीझरवरचा कागद बघितला. "पाच दिवस झाले."

"आणि पाचची?"

"पंधरा."

दोन्ही ओळींवर तांबडी रेघ होती. पट्टी लावून मारलेली, सरळ. तिची स्वतःची.

"बघ," ती म्हणाली, आणि तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता इतका बारीक झाला होता. "तारीख उलटली त्या दिवशी मी काय केलं? रेघ मारली. मला वाटायचं, मी भांडतेय. सहा वर्षं अर्ज लिहिले आणि रेघा मारल्या! पेटी तेव्हाही कपाटातच होती. किल्ली तेव्हाही तुझ्याकडेच होती."

"तुम्ही मागितली नाहीत कधी," मी म्हणालो. चूकच झाली बोलून.

"मागितली असती तर दिली असतीस?"

मी चहाचा कप उचलला.

"मग आज कशी दिलीस?"

भाची आमच्याकडे आळीपाळीने बघत होती. तिला काही कळलं नाही, आणि तिने ते विचारलंही नाही. खिडकीवर रांग लागली होती, ती गेली.

साहेब सोमवारी आले. पाच जागा वाया घालवल्याबद्दल आम्हा दोघांना लेखी समज मिळाली. पुढच्या महिन्यात त्यांनी फ्रीझरवरचा पुठ्ठा बदलला. छत्तीसचे तीस केले. आता यावर हसावं की डोकं आपटून घ्यावं, मला ठरवता आलं नाही. ताईने मात्र पुठ्ठा वाचलासुद्धा नाही. ती आता दर दुसऱ्या शुक्रवारी असतील तेवढ्यांवर मशीन लावायची, मी कपाट उघडून द्यायचो, आणि दर दुसऱ्या सोमवारी आम्हाला समज मिळायची. त्या कागदांची माझ्याकडे एक फाइल झाली. वैताग असा की बायका वाचाव्यात म्हणून केलेलं काम आमच्या नोकरीच्या कागदात गुन्हा म्हणून लागत होतं, आणि त्याआधीची सहा वर्षं आमचे शेरे 'उत्तम' होते.

पाच नंबरची बाई छापखान्यात पुस्तकं शिवायचं काम करायची. तिलाही बोलावून गोळी दिली होती, अठराव्या आठवड्यात. देताना डॉक्टर एवढंच म्हणाले, "खबरदारी म्हणून घ्या." त्यांना तरी आणखी काय म्हणता येणार होतं? तेरा आठवड्यांनी ती वॉर्डात भरती झाली. आधीच सांगून टाकतो, ताणून धरायची मला सवय नाही : आई आणि मूल दोघंही जगली. मूल बाराशे ग्रॅमचं, सात आठवडे काचेच्या पेटीत होतं, आणि अजून त्याची एक बाजू कमजोर आहे.

पण त्या सकाळी हे काही ठरलेलं नव्हतं. साडेदहाला वरून फोन आला. पेशंट इतकी सुजलीय की शीर सापडत नाही, रक्त ताबडतोब हवंय, ताईला पाठवा. नळ्या धावत खाली आणायला कुणीतरी हवं म्हणून मी बरोबर गेलो. खाटेवर तिशीच्या आतली बाई, चेहरा इतका फुगलेला की डोळ्यांच्या फटी राहिलेल्या. दंडाला रक्तदाबाचा पट्टा. ताईने खाटेला लावलेला कागद वाचला, नाव वाचलं, आणि मला कळलं की तिने ओळखलं. तिने हात मांडीवर घेतला, डोळे मिटले, बोट फिरवायला लागली. नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला, पण शीर सापडली. तीन नळ्या भरून तिने माझ्या हातात दिल्या.

मी निघायला हवं होतं. ती बाई बोलायला लागली म्हणून थांबलो.

"ताई, ती गोळी मी रोज घेतली हो. एकदाच विसरले. कामाची घाई होती, घरी आले ती तशीच झोपले. त्यानेच झालं का हे?"

"नाही," ताई म्हणाली.

"खरं सांगा. नवराही तेच विचारत होता. तू नीट घेतली होतीस ना, म्हणून."

पलीकडून सिस्टर ताईला खुणावत होती, की काहीतरी गोड बोला आणि निघा. आणि खरंच, एवढा रक्तदाब असलेल्या बाईशी कुणी जास्त बोलतं का? मीही घसा खाकरला. ताईने दोघांकडेही बघितलं नाही. टोचल्या जागेवर कापूस दाबून धरला होता तो तसाच धरून ठेवला.

"तुझं काही चुकलेलं नाही. नवऱ्याला सांग, मी सांगितलंय म्हणून. गोळी आम्हीच उशिरा दिली. तुझ्या रक्तात बाराव्या आठवड्यात दिसत होतं, ते आम्ही सहा आठवडे बघितलंच नाही."

"का?"

"एका वेळी छत्तीस जणींचं रक्त मशीनला लावायचं असा नियम होता. ट्रे भरायची वाट बघत होतो."

त्या बाईच्या आवाजात रागबिग काही नव्हता. शेजारणीला विचारावं तसं तिने विचारलं, "मग भरला का?"

"नाही," ताई म्हणाली. "माझ्या भाचीची तारीख आली, तेव्हा तसाच लावला."